‘माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि पेढ्यांना मुंग्या लागल्या’

या महिन्यात आनुवंशिक कॅन्सरच्या तपासणीबद्दल तीन पत्रं आली. पहिलं मी तीनदा वाचलं. जागाही तेच जास्त खाणार आहे, बाकी दोघांनी रागावू नये. नेहमीप्रमाणे नावं काढली आहेत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी डॉक्टर नाही. कॅन्सर वॉर्डात एकवीस वर्षं सिस्टर होते, मग समुपदेशन शिकले. २०१४ पासून बीआरसीए-२ ची वाहकही आहे, म्हणजे त्या जनुकात असा बदल माझ्यात आहे की स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणजे आहे जन्मापासूनच, कळलं २०१४ ला.

*

सप्रेम नमस्कार.

मी ३८ वर्षांची. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही तिघी बहिणी. आई २००९ साली ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. ताईला (वय ४४) दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, सगळं पार पडलं, आता ती बरी आहे. तेव्हा डॉक्टरांनी तिची जीन टेस्ट करायला लावली. बीआरसीए-१ पॉझिटिव्ह. मग मी आणि धाकटीने (वय ३०) एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसून रक्त दिलं. माझा रिपोर्ट आधी आला. निगेटिव्ह. चार दिवसांनी तिचा आला. पॉझिटिव्ह.

त्या चार दिवसांत तिने रोज फोन केला, ‘तुझा आला का गं?’ मी रोज सांगितलं, ‘नाही अजून.’ ह्यांना तेवढं सांगितलं होतं. त्या संध्याकाळी हे अर्धा किलो कंदी पेढे घेऊन आले. मी ह्यांच्यावर ओरडले आणि पुडा वरच्या फळीवर, डाळीच्या डब्यांमागे सारला. देवापुढेसुद्धा ठेवला नाही. पंधरा दिवसांनी भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली तेव्हा आठवण झाली. तसाच उचलून टाकून दिला.

ताई म्हणाली, ‘बरं झालं बाई, एक तरी सुटली.’ अगदी मनापासून म्हणाली. मला ते ऐकवेना. आता त्या दोघी रोज रात्री फोनवर बोलतात. त्यांचं एक गोत्र झालंय, मी जशी काही दुसऱ्या घरची. धाकटीचा फोन आला की मी रिंग वाजू देते. कधी उचलते, कधी नाही. रात्री अंथरुणात गाठ चाचपत पडते, मला काही नसताना. वाटतं, आईकडचं चांगलं ते मी आधी उचललं आणि उरलेलं तिच्या वाट्याला गेलं.

त्यात तिचं लग्न ठरलंय. मार्गशीर्षात साखरपुडा आहे. मुलाकडच्यांना सांगायचं का? मावशी म्हणते, ‘अजिबात तोंड उघडू नका, आजार थोडाच झालाय!’ आई नाही, ताई थकलेली, म्हणून हे सगळं माझ्यावर आलंय. मी काय करू?

— एक शिक्षिका

*

बाई (शिक्षिका आहात, मग बाईच म्हणते),

आधी ते ‘उरलेलं तिच्या वाट्याला गेलं’ निकालात काढू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलीय. बीआरसीए-१ हा जनुक आपल्या प्रत्येकीत असतो आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्या आईंच्या दोन प्रतींपैकी एक धड होती, एक बिघडलेली. मुलाला त्यातली एकच मिळते. ताईंच्या वेळी नाणं उडालं, तुमच्या वेळी नव्याने उडालं, आठ वर्षांनी धाकटीच्या वेळी पुन्हा नव्याने. वर्गात खाऊ वाटताना डब्यात मोजून लाडू असतात, पुढच्याने चांगला उचलला की मागच्याला फुटका येतो, तसला हा हिशोब नाही. तुमचा जन्मच झाला नसता, तरी धाकटीची शक्यता ५० टक्केच राहिली असती. तुम्ही तिचं काही घेतलेलं नाही. घ्यायची सोयच नव्हती.

हे डोक्याला पटेल. मनाला पटायला वेळ लागेल, आणि त्यात तुम्ही एकट्या नाही. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याची पूर्वतपासणी परदेशात १९८६ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा सगळं लक्ष वाईट निकाल येणाऱ्यांकडे होतं. चांगला निकाल आलेला माणूस हसत घरी जाईल, त्याला आपली काय गरज, असाच समज होता. प्रत्यक्षात त्यांच्यातलेही काही जण कोलमडून परत आले. भावंडाला आहे आणि मला नाही, हे त्यांना पेलत नव्हतं. आयुष्यभर ‘आपल्यालाही होणार’ असं धरून चाललेल्या माणसाच्या हातून ते धरलेलंही सुटतं. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही विशीत होतात. तेव्हापासून तुम्हीही मनात तीच तारीख घेऊन फिरत असणार. आता ती तारीख गेली आणि त्या जागी काय ठेवायचं ते कळत नाही.

गाठ चाचपण्याबद्दल. तोच रिपोर्ट पुन्हा हातात घ्या आणि ताईंमध्ये सापडलेला नेमका तोच बदल तुमच्यात शोधला होता का, एवढं बघा. तसं असेल आणि तो सापडला नसेल, तर हा पक्का निगेटिव्ह. तुमचा धोका चारचौघींइतका झाला. शून्य नव्हे, चारचौघींइतका. आणि आईकडचा हा बदल तुमच्या मुलांना तुमच्याकडून जाणार नाही. वयाप्रमाणे तपासण्या करा, काही वेगळं वाटलं तर दाखवा. रोज रात्री चाचपून मात्र काहीच कळत नाही. वॉर्डात मी अशा बायका पाहिल्यात, दाबून दाबून दुखरं करून घ्यायच्या आणि मग ‘इथे दुखतंय’ म्हणून घाबरून यायच्या.

आता धाकटीचं. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते मी तिच्या बाजूला बसून सांगणार आहे, कारण मी पॉझिटिव्हवाली आहे.

आमच्याकडे हे वडिलांकडून आलं. माझी आत्या ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, तिच्या मुलीला चाळिशीत स्तनाचा झाला. तरी किती वर्षं मला प्रत्येक फॉर्मवर आईकडच्या बायकांबद्दलच विचारलं गेलं. वडिलांकडचं कुणी विचारलं नाही आणि सिस्टर असून मीही सांगितलं नाही. (वडिलांकडूनही येतं. अर्ध्या वाचकांना आजही हे नवीन असेल.) तर २०१४ साली माझा रिपोर्ट आला. माझ्या धाकट्या भावाला दोन मुली, म्हणून त्यानेही टेस्ट केली. त्याचा निगेटिव्ह.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो आला. ओवाळलं. दर वर्षी तो ताटात ५०१ रुपये घालायचा. त्या वर्षी पाकीट टाकलं, फराळाला हातही लावला नाही, ‘ट्रॅफिक लागेल’ म्हणून निघून गेला. पाकीट उघडलं तर ५,००१. मला इतका संताप आला, की रिपोर्ट हातात पडला तेव्हाही आला नव्हता. भरपाई देतोस का रे मला?

नंतर सात-आठ महिने तो फिरकला नाही. फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे, करतो’. २०१५ च्या जूनमध्ये मी दोन्ही ओव्हरी आणि गर्भनलिका काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी भावजय भेटायला आली. म्हटलं, हा कुठाय? ती खाली बघून म्हणाली, ‘पार्किंगमध्ये बसलेत गाडीत. कालही बसले होते.’ मी तिच्याच फोनवरून त्याला मेसेज टाकला: वर ये, नाहीतर सलाईन घेऊन मी खाली येते.

आला. उभ्या उभ्या रडला. म्हणाला, ‘मला का नाही आलं?’ मी म्हटलं, ‘तुला कशाला पाहिजे होतं? दोघांना असतं तर डबा कुणी आणला असता?’

बाई, त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला याचं मला एका क्षणासाठीही वाईट वाटलं नव्हतं. उलट घरात एक तरी भक्कम माणूस आहे म्हणून बरं वाटलं होतं, आणि नेमका तोच गायब झाला. तुमची ताई ‘एक तरी सुटली’ म्हणाली, ते मी तिच्याच जागेवरून सांगते, अगदी खरं म्हणाली. त्या दोघींचं गोत्र एक झालंय ते रिपोर्टमुळे थोडं आणि तुम्ही फोन उचलत नाही म्हणून जास्त.

तेव्हा फोन उचला. पहिल्यांदा ते चार दिवसांचं सांगून टाका. ‘माझा आधी आला होता, मी तुझ्याशी खोटं बोलले, तोंड दाखवायची हिंमत नव्हती.’ तिला बहुधा माहीत असेलच, धाकट्या बहिणींना सगळं माहीत असतं. पण ‘तुझ्याऐवजी मला यायला हवं होतं’ हे वाक्य चुकूनही नको. ते ऐकलं की स्वतःचं बाजूला ठेवून तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागेल. ‘काही होत नाही गं’ हेही नको. होऊ शकतं. २०१७ साली परदेशात सुमारे १० हजार वाहक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार बीआरसीए-१ असलेल्या १०० जणींपैकी सुमारे ७२ जणींना वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो, ४४ जणींना ओव्हरीचा. हे आकडे धाकटीने वाचलेले असणार. रात्री दोन वाजता मोबाइलवर सगळेच वाचतात. तिला आकडे नाकारणारं माणूस नको असतं. ‘हो, वाचलं मी. आता पुढची तारीख कोणती?’ असं विचारणारं लागतं.

तारखा खरोखर असतात, आणि त्या सांभाळायला तुमच्यासारखी हजेरीपट लिहिणारी बाई उत्तम. तिशीच्या वाहक मुलीला साधारणपणे दर वर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी सांगतात. बरेचदा दोन्हींमध्ये सहा-सहा महिन्यांचं अंतर ठेवतात. एमआरआय शक्यतो पाळीच्या ७ ते १४ व्या दिवसात करायचा असतो, म्हणून नुसती तारीख घेऊन भागत नाही, कॅलेंडर पाहावं लागतं. तिथे पालथं झोपवतात, हाताला सुई लावलेली असते, मशीन डोक्याशी पत्रा बडवल्यासारखं वाजत राहतं आणि हलायचं नसतं. अर्धा-पाऊण तास. मी पहिल्या वर्षी आत रामरक्षा म्हणायला घेतली आणि तिसऱ्याच श्लोकाला अडकले. बाहेर आल्यावर कुणीतरी आपलं मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून घेऊन बसलेलं असावं, एवढंच वाटतं. ते काम मागून घ्या. रजा टाका.

ओव्हरीचं वेगळं आहे, आणि ते कडू असलं तरी तिला नीट माहीत हवं. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून हा कॅन्सर वेळेत पकडता येईलच असा भरवसा नाही. म्हणून बीआरसीए-१ असेल तर मुलंबाळं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० च्या दरम्यान ओव्हरी आणि नलिका काढायचा सल्ला देतात. ती ३० ची आहे. आज-उद्या काही ठरवायचं नाही. स्तन काढून घ्यायचे की तपासण्यांवर राहायचं, हा निर्णय तर निव्वळ तिचा. अँजेलिना जोलीने २०१३ साली स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून ‘तसंच करतात ना?’ असं मला सारखं विचारतात. तिने केलं, मी नाही केलं. दोघींचंही विचारपूर्वक. ओव्हरी गेल्यावर मात्र पाळी एका दिवसात बंद होते. हळूहळू नाही, एका दिवसात. त्या वर्षी थंडीत मी पंखा पाचवर लावून झोपायचे आणि नवरा दोन गोधड्या घेऊन. हे तिच्या डॉक्टरांशी आधी सविस्तर बोललेलं बरं.

आता साखरपुडा. माझं मत विचाराल, तर मुलाला सांगावं, आणि साखरपुड्याआधी. मुलाला, मुलाकडच्यांना नव्हे. त्याच्या काकूंना आणि आत्यांना आपल्या गुणसूत्रांशी काही देणंघेणं नाही. ज्याच्याशी मूल केव्हा, किती, हे बोलायचं आहे त्याला कळायला हवं. पुढे ऑपरेशनच्या वेळी कळलं तर त्याला ऑपरेशनचं नाही, लपवल्याचं लागेल. पण हे झालं माझं मत. सांगायचं की नाही, केव्हा, कसं, हे धाकटीने ठरवायचं. रिपोर्ट तिच्या नावावर आहे. तिच्या मागे तुम्ही सांगायचं नाही, आणि मावशींच्या धाकाने तिला गप्पही करायचं नाही. आई नाही म्हणून आईपण तुमच्यावर आलं असेल, पण तीस वर्षांची मुलगी आईलाही हे ठरवू देत नाही.

आणि मावशी! तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यापाशी मी थांबले. बदल तुमच्या आईकडून आला असेल, आणि चित्र तसंच दिसतंय, तर मावशी त्यांची सख्खी बहीण. म्हणजे त्यांचीही शक्यता निम्मी. मामा असतील तर त्यांचीही, आणि त्यांच्यात तो निघाला तर मग त्यांच्या मुलांचीही. ‘तोंड उघडू नका’ हे त्या धाकटीच्या लग्नासाठी म्हणत असतील. स्वतःच्या भीतीनेही म्हणत असतील. माझ्या अनुभवात दुसरंच जास्त वेळा निघतं. त्यांच्याशी भांडू नका. ताईंच्या रिपोर्टची एक प्रत ताईंना विचारून द्या आणि म्हणा, ‘मावशी, डॉक्टर म्हणाले तुम्हालाही दाखवायला हवं. मी येते बरोबर.’ घरातला बदल माहीत असला की पुढच्यांना तेवढाच शोधायचा असतो, खर्चही पुष्कळ कमी येतो. ही प्रत म्हणजे तुमच्या माहेरातलं सगळ्यात उपयोगी कागदपत्र आहे. सातबाऱ्याच्याही आधी.

महिना-दोन महिन्यांनीही झोप येत नसेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तर ज्यांनी टेस्ट केली त्यांच्याकडच्या समुपदेशकाला भेटा. ‘माझा निगेटिव्ह आहे, मी कशी जाऊ’ असं म्हणू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीतही बोलता येतं.

माझ्या भावाचं राहिलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक एमआरआयला तो येतो. बाहेर शब्दकोडं सोडवत बसतो आणि कँटीनच्या चहाला शिव्या देतो. २०१५ च्या भाऊबीजेला ताटात पुन्हा ५०१ रुपये होते.

*

बायकोच्या रिपोर्टमध्ये ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, सध्या काही करायचं नाही. मग टेस्ट केली कशाला? ती म्हणते, पॉझिटिव्ह आला असता तर निदान कळलं तरी असतं. आता ऑपरेशन करूनच टाकू म्हणते.

— नांदेडहून एक वाचक

दादा, ऑपरेशन नको. निदान या कागदावरून तरी नको. अनिश्चित म्हणजे ‘थोडा पॉझिटिव्ह’ नव्हे. जनुकात एक वेगळं अक्षर दिसलंय, ते निरुपद्रवी आहे की नाही हे ठरवायला अजून पुरेशी माहिती जमलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. असे बदल पुढे उलगडतात तेव्हा त्यातले बहुतेक निरुपद्रवीच निघतात. आपल्याकडे असा निकाल जास्त येतो, कारण तुलनेसाठी जी माहिती साठवलेली आहे ती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपली अक्षरं त्या पुस्तकात अजून पुरती उतरलेली नाहीत. तिच्या बहिणींना या एका कागदावरून टेस्ट करायला लावू नका. घराण्यात कुणाला, कोणत्या वयात काय झालं, त्यावरून तिच्या तपासण्या ठरतील. दर एक-दोन वर्षांनी विचारा, निकालात बदल झाला का. ती तारीख तुम्ही लक्षात ठेवा, तिला ठेवू देऊ नका. ‘कळलं तरी असतं’ म्हणते त्यावर वाद घालू नका. अधांतरी लटकणं खरंच जास्त जड असतं, ती बरोबर बोलतेय.

*

मी वाहक आहे. मुलगी ११ वर्षांची. तिची आत्ताच टेस्ट करून टाकावी का, म्हणजे डोक्याचा ताप जाईल?

— एक आई, ठाणे

नाही. हा बदल असला तरी बालपणी त्यावर काही करायचं नसतं, म्हणून अठरा पूर्ण होईपर्यंत टेस्ट करत नाहीत. त्यानंतरही करायची की नाही, ते तिने ठरवायचं. ताप तुमच्या डोक्याचा आहे, तो तिच्या रक्तातून काढू नका. ती विचारेल तेवढं खरं सांगा. ‘आईला दर वर्षी का तपासतात?’ असं विचारलं तर ‘आजार लवकर सापडावा म्हणून’ एवढं पुरतं.

अवघड आहे, मला ठाऊक आहे. माझी मुलगी एकोणीस वर्षांची असताना तिने विचारलं होतं, ‘मी कधी करू?’ मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, ‘तुला वाटेल तेव्हा.’ आता ती सव्वीसची आहे. अजून तिला वाटलेलं नाही. गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना प्रश्न ओठांवर आला होता. मी सोऱ्या तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन पणत्यांत तेल घालत बसले.